एकच डोळा, परत परत लाल, आणि प्रेशर चढलेलं : विषाणूचा युव्हायटिस ओळखायचा कसा?

सिंदफणा
नमस्कार मंडळी. डोळे आलेत म्हणत येणाऱ्यांच्या रांगेत अधूनमधून एक डोळा वेगळा निघतो, युव्हायटिसचा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या भागाच्या सुजेचा. चिपड नाही, नुसतं पाणी. उजेड सोसत नाही. लाली पांढऱ्यावर सगळीकडं पसरलेली नसून बुबुळाच्या कडेनं कडं घातल्यासारखी, आणि आतून ठणका. अशा डोळ्याला तालुक्याच्या ठिकाणी बहुतेक वेळा अँटिबायोटिक आणि स्टेरॉइडचा एकत्र ड्रॉप मिळतो. आठ दिवसांत लाली जाते आणि दोन महिन्यांनी तोच डोळा परत.
जाणकारांनी लिहावं. विषाणू कोणते, स्लिट लॅम्पवर (डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर) काय दिसतं, ग्रामीण रुग्णालयात कितपत करता येतं आणि कुठं हात आवरायचा. "डॉक्टरांना दाखवा" एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या, दाखवलेलं असतंच.

बालाघाट
अर्धं उत्तर तुमच्या मथळ्यातच आहे. साध्या आयरायटिसमध्ये, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या (आयरिसच्या) सुजेत, डोळ्यातलं पाणी तयार करणारी सिलिअरी बॉडी सुजून मंदावते, म्हणून प्रेशर, म्हणजे डोळ्यातला दाब, बहुधा उतरतं. हे विषाणू मात्र पाण्याचा निचरा करणारी जाळीच सुजवतात. पाणी तयार होत राहतं आणि मोरी तुंबते. लाली थोडी, आत पेशी थोड्या आणि प्रेशर ३५-४० (मिलिमीटर पारा) अशी विजोड जोडी दिसली की आधी विषाणूचा संशय घ्यायचा. प्रेशर स्टेरॉइडनंही चढतं, पण त्याला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. थेंब सुरू होण्याआधीच चढलेलं असेल तर तो दोष थेंबांचा नाही. पहिल्या दिवसाचं प्रेशर कागदावर नसेल तर पुढं हा वाद कुणालाच सोडवता येत नाही.

मुख्य विषाणू चार: हर्पिस सिम्प्लेक्स, नागिणीचा व्हॅरिसेला झोस्टर, सायटोमेगॅलो म्हणजे सीएमव्ही, आणि रुबेला.

पहिले दोन चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत दबा धरून बसतात आणि तिथून डोळ्यात उतरतात. पारपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेच्या, आतल्या बाजूला पेशींचे ठिपके चिकटतात, त्यांना आपण केपी म्हणतो. ते इथं मोठे, मटणाच्या चरबीच्या थेंबांसारखे असतात आणि खालच्या भागात त्रिकोणात जमतात. बाहुली मागच्या भिंगाला चिकटून वेडीवाकडी होते. हर्पिसमध्ये आयरिसवर तुकड्या-तुकड्यानं रंग उडतो. नागिणीत रक्तवाहिनीच बंद पडत असल्यामुळं एक अख्खी फाक मरते, घड्याळात दोन ते चार वाजेपर्यंतचा भाग पुसल्यासारखा. दोन्हींत पारपटलाची संवेदना कमी होते, ही खूण फुकटात तपासता येते.

सीएमव्हीचा डोळा फसवतो. दिसायला जवळजवळ पांढरा, केपी मोजून चार-पाच, कधी नाण्यासारख्या गोलात मांडलेले, बाहुली कुठंच चिकटलेली नाही आणि प्रेशर ५०. पेशंट म्हणतो की दिव्याभोवती इंद्रधनुष्य दिसतंय, बाकी काही दुखत नाही. पोस्नर आणि श्लॉसमन यांनी १९४८ मध्ये याच चित्राचं वर्णन केलं. तेव्हा कारण कळलेलं नव्हतं. पुढं पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी, आल्यावर अशा बऱ्याच डोळ्यांत सीएमव्ही सापडला. एड्समध्ये पडदा खाणारा सीएमव्ही तो हाच, पण पुढच्या भागाच्या सुजेला एचआयव्ही असावाच लागतो असं नाही. धडधाकट माणसांतच ती जास्त दिसते.

रुबेलाचं नाव फुक्स सिंड्रोमशी जोडलं गेलंय. फुक्स यांनी ते १९०६ मध्ये नोंदवलं. पुस्तकात लिहिलेलं असतं की दोन डोळ्यांचे रंग वेगळे दिसतात. आपल्याकडच्या तपकिरी डोळ्यांत तो फरक शोधत बसू नका, दिसत नाही. आयरिसवरच्या खाचाखोचा गेलेल्या आणि पृष्ठभाग गुळगुळीत झालेला दिसेल. बारीक तारकेसारखे केपी वरपासून खालपर्यंत सगळीकडं असतात. डोळा लाल होत नाही. तिशी-चाळिशीत एकाच डोळ्यात मोतीबिंदू आला म्हणून माणूस येतो तेव्हा हे सापडतं.

दुधना
बालाघाट सरांनी खुणा सांगितल्या. त्या हुकतात त्या तपासणीच्या क्रमामुळं. पेशंट आला की आधी बाहुली मोठी करायचा थेंब घालून बाकावर बसवायची सवय आहे ना, तिथंच घोटाळा होतो. बाहुली फुलली की आयरिसची मेलेली फाक घडीत जाते. मग शोधा.

क्रम असा ठेवा. आधी चष्म्यासकट आणि पिनहोलमधून (बारीक भोकाच्या चकतीतून) नजर. मग संवेदना, म्हणजे कुठलाही सुन्न करणारा थेंब घालण्याच्या आधी. कापसाची बारीक वात काढून बाजूनं आणायची, समोरून आणली तर माणूस बघूनच पापणी मिटतो. आधी चांगला डोळा, मग दुखरा, आणि फरक लिहून ठेवायचा. मग स्लिट लॅम्प. खोलीत पूर्ण अंधार करून १ बाय १ मिलिमीटरचा झोत टाकायचा आणि पेशी मोजायच्या. १ ते ५ म्हणजे अर्धा प्लस, ६ ते १५ एक, १६ ते २५ दोन, २६ ते ५० तीन, त्यापुढं चार. "पेशी आहेत" असं लिहिण्याला अर्थ नाही, पुढच्या खेपेला तुलना कशाशी करणार? मग झोत सरळ बाहुलीतून आत सोडायचा, आयरिस जिथं विरलीय तिथून तांबूस उजेड परत येतो. त्यानंतर फ्लोरेसिन या रंगाची पट्टी आणि निळा उजेड. फांदीसारखी हिरवी रेघ उठली तर पारपटलावर हर्पिसचा व्रण आहे, स्टेरॉइडला हात लावायचा नाही. मग प्रेशर. बाहुली फुलवायची ती सगळ्यात शेवटी.

प्रेशर मोजायला ॲप्लनेशनचं यंत्र नसेल आणि वजनाचं शिओट्झच असेल तरी चालतं. ५.५ ग्रॅमवर काटा ४ दाखवत असेल तर प्रेशर साधारण २०.६, ३ दाखवत असेल तर २४.४. ३ च्या खाली गेला तर ७.५ ग्रॅमचं वजन चढवून परत मोजा आणि तक्त्यात बघा. पण व्रण दिसला तर शिओट्झ टेकवू नका. आणि दर पेशंटनंतर स्पिरिटनं पुसून पूर्ण वाळू द्या. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ होती. तसल्या साथीत ॲडिनोव्हायरस हात, टॉवेल आणि टोनोमीटर अशा तिन्हींवरून पसरतो.

सिंदफणा
ताई, प्रेशर ५० आणि दिव्याभोवती रंग म्हणजे काचबिंदूचा झटकाही असू शकतो की. तो वेगळा कसा काढायचा?

दुधना
टॉर्च कानशिलाच्या बाजूनं आडवी धरा. नाकाकडची आयरिस उजळली तर पुढची जागा खोल आहे, सावलीत राहिली तर उथळ. झटक्यात दोन्ही डोळे उथळ असतात, बाहुली अर्धवट फुलून थिजलेली, पारपटल धुरकट, आणि माणूस डोकं धरून ओकत असतो. सीएमव्हीच्या डोळ्यात जागा खोल असते आणि माणूस गप्पा मारत बसलेला असतो. पिलोकार्पिन युव्हायटिसमध्ये घालू नका. बाहुली आवळून चिकटते आणि सूजही वाढते.

पूर्णाकाठ
मेडिकलच्या काउंटरवरून एक प्रश्न. लोक जुनी बाटली आणून "हाच ड्रॉप द्या, मागं यानंच उतरलं होतं" म्हणतात. डेक्सामेथासोनवाला, म्हणजे स्टेरॉइडचा असतो. नाही म्हटलं तर शेजारच्या दुकानातून घेतात. त्यांना नेमकं सांगायचं काय?

मांजराकाठ
सांगायचं की लाली उतरणं आणि विषाणू उतरणं या दोन गोष्टी वेगळ्या. स्टेरॉइड सूज दाबतं, विषाणूला मोकळं रान देतं. वर व्रण असेल तर तो नकाशासारखा पसरतो आणि पारपटलावर कायमचं फूल पडतं. आत असेल तर दर खेपेला आयरिस, जाळी आणि पारपटलाच्या आतल्या पेशी थोड्या थोड्या मरतात. त्या पेशी परत येत नाहीत. त्यात स्टेरॉइडचं स्वतःचं प्रेशर आणि मोतीबिंदू वेगळे. एवढं ऐकून घेणारा नसेल तर एकच विचारा, "मागच्या वेळी प्रेशर मोजलं होतं का?" नाही म्हणाला तर आधी मोजून यायला सांगा.

आता औषधं. हे तपासणाऱ्यांसाठी लिहितोय, वाचून घरी सुरू करण्यासाठी नाही.

हर्पिस सिम्प्लेक्सला असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून ५ वेळा, किंवा व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम ३ वेळा. नागिणीला दुप्पट: असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम ५ वेळा किंवा व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम ३ वेळा. नागिणीच्या पेशंटला ४०० चा डोस लिहिलेला सर्रास दिसतो, तो कमी पडतो. असायक्लोव्हिरचं मलम वरच्या व्रणासाठी ठीक, आतल्या सुजेला गोळीच लागते.

पारपटल अखंड असेल तर गोळीच्या आडोशानं प्रेड्निसोलोन ॲसिटेट १ टक्का सुरू करायचं, सुजेच्या मानानं दोन तासांपासून सहा तासांनी एकदा. ते सस्पेन्शन असतं, औषध तळाशी बसतं. बाटली नीट हलवली नाही तर पेशंट महिनाभर नुसतं पाणी घालतो आणि आपण म्हणतो थेंब लागू पडेना. सोबत होमॅट्रोपिन २ टक्के, बाहुली चिकटू नये म्हणून. दोन थेंबांत पाच मिनिटं अंतर. प्रेशरला टिमोलॉल ०.५ टक्के दोन वेळा, पण दमा आहे का ते विचारल्याशिवाय नाही. टिमोलॉल वर्ज्य असेल तर डोर्झोलामाइड. जास्तच असेल तर ॲसिटाझोलामाइड २५० मिलिग्रॅमची गोळी, सल्फाची ॲलर्जी आणि किडनी विचारून. लॅटॅनोप्रॉस्टसारखे थेंब इथं पहिल्या हाताला नकोत.

स्टेरॉइड उतरवताना घाई झाली की सगळं मुसळ केरात. चारवरून तीन, तीनवरून दोन असं दोन-तीन आठवड्यांच्या टप्प्यानं, आणि शेवटचा एक थेंब तर महिनोन्‌महिने. स्टेरॉइड चालू आहे तोवर अँटिव्हायरल बंद करायचं नाही.

सीएमव्हीला असायक्लोव्हिरचा उपयोग नाही. ते औषध जागं व्हायला विषाणूचं थायमिडीन कायनेज लागतं, ते हर्पिसकडं आहे, सीएमव्हीकडं नाही. तिथं गॅन्सिक्लोव्हिर ०.१५ टक्के जेल दिवसातून ४-५ वेळा, काही आठवडे. त्यानं भागलं नाही तर व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर ९०० मिलिग्रॅम दोन वेळा ६ आठवडे, पुढं ४५०. ही गोळी महाग आणि रक्तपेशी पाडणारी. सुरुवातीला दर एक-दोन आठवड्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) पाहिजेच. गरोदरपणात नाही. गोळी फोडून किंवा कुटून देऊ नये. औषध बंद केलं की सीएमव्ही परत येतो, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आणि फुक्सला काहीच नको. हे डॉक्टरांना सगळ्यात जड जातं. केपी दिसतात म्हणून वर्षानुवर्षं स्टेरॉइड चालतं, केपी तसेच राहतात आणि वरून काचबिंदू होतो. मोतीबिंदू आला की ऑपरेशन करा, डोळा बहुधा चांगलं निभावतो. प्रेशरवर मात्र जन्मभर लक्ष.

मन्याड
मांजराकाठ, एका ठिकाणी असहमत. पीसीआरशिवाय प्रत्येक प्रेशरवाल्या डोळ्याला असायक्लोव्हिर सुरू करायची पद्धत पडलीय. आतल्या सुजेवर गोळीचा जो मोठा चाचणी-प्रयोग अमेरिकेत झाला, हर्पेटिक आय डिसीज स्टडीचा, त्यात १०४ रुग्ण हवे होते, ५० च मिळाले आणि तो थांबवावा लागला. कल गोळीच्या बाजूनं दिसला, पण पक्कं सिद्ध झालं नाही. जो पक्का झाला तो प्रतिबंधाचा भाग. १९९८ मध्ये आलेल्या निकालात ४०० मिलिग्रॅम दोन वेळा वर्षभर घेणाऱ्यांत आजार परतण्याचं प्रमाण ३२ वरून १९ टक्क्यांवर आलं.

मांजराकाठ
मान्य. पण तालुक्यावर पीसीआर कुठून आणणार? मरून गेलेली फाक, सुन्न पारपटल आणि चढलेलं प्रेशर असं तिन्ही एकत्र असेल तर मी निकालाची वाट बघा म्हणणार नाही. तिन्ही नसतील आणि नुसतं प्रेशर असेल तर तुमचं बरोबर, नमुना घ्यायला पाठवा. चार आठवडे पूर्ण डोसची असायक्लोव्हिर घेऊनही हलत नसेल तर तो सीएमव्ही असण्याची शक्यता धरायला हवी.

मन्याड
इथवर एकमत. नमुन्याबद्दल लिहितो, कारण तिथं चुका होतात.

डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात पाणी जेमतेम पाव मिलिलिटर असतं. त्यातलं ०.१ ते ०.१५ मिलिलिटर घ्यायचं. सुन्न करणारा थेंब, ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन, पापण्यांना स्पेक्युलम. १ मिलिलिटरची सिरिंज, ३० गेजची सुई. बुबुळाच्या कडेतून, आयरिसला समांतर शिरायचं, सुईचं टोक आयरिसवरच ठेवायचं, बाहुलीवर नाही, म्हणजे भिंगाला धक्का लागत नाही. म्हणून याआधी बाहुली फुलवू नये. फुक्सच्या डोळ्यात सुई काढताना रक्ताची बारीक रेघ येते, घाबरायचं कारण नाही, उलट ती निदानाची खूणच समजतात.

नमुना निर्जंतुक छोट्या ट्यूबमध्ये, बर्फावर. लसीचा कॅरिअर वापरला तर उत्तम. एप्रिल-मेमध्ये हिंगोलीहून एसटीत पिशवीतून पाठवलेली ट्यूब पोहोचेपर्यंत कामाची राहत नाही. किती पाणी आहे ते लॅबला आधी सांगा आणि कोणते विषाणू आधी तपासायचे तेही लिहा. एवढ्याशा थेंबात सगळं बसत नाही.

सूज असतानाच नमुना घ्यायचा. शांत डोळ्यातली निगेटिव्ह पीसीआर काही सांगत नाही. रुबेलात तर विषाणू सापडेनासा होतो, तिथं डोळ्यातल्या आणि रक्तातल्या अँटिबॉडींचं गुणोत्तर काढतात. रक्तातली हर्पिस किंवा सीएमव्हीची आयजीजी (जुन्या संसर्गाच्या अँटिबॉडीची तपासणी) मात्र कृपा करून लिहू नका. मोठ्या माणसांत ती जवळजवळ सगळ्यांचीच पॉझिटिव्ह येते, पेशंटचे पैसे जातात आणि निदान चुकीच्या वाटेला लागतं. त्या पैशात सिफिलिसची तपासणी आणि छातीचा एक्स-रे करा. सिफिलिस आणि टीबी हुबेहूब अशीच सोंगं घेतात.

तेरणा
नागिणीबद्दल कुणी सविस्तर लिहिलं नाही. चेहऱ्यावर नागीण उठली की गावात गेरू लावणारा आधी गाठतात. विळखा पूर्ण झाला तर माणूस जातो ही भीती असते ना. नागीण एका मज्जातंतूच्या पट्ट्यात, एकाच अंगाला राहते. विळखा पूर्ण होतच नाही, म्हणून उतरवणाऱ्याचं दर वेळी नाव होतं. पण त्यात पहिले ७२ तास जातात, आणि गोळीचा खरा जोर तेवढ्यातच असतो.

नाकाच्या शेंड्यावर किंवा बाजूला फोड आला की डोळा धोक्यात समजायचा. नाकाचा तो भाग आणि डोळ्याचं आतलं अंग, दोन्हींना एकच बारीक तंतू जातो. पहिल्या दिवशी डोळा स्वच्छ असला म्हणून सोडू नका. आतली सूज बऱ्याचदा पुरळ उठल्यावर एक-दोन आठवड्यांनी येते, खपल्या पडायला लागल्यावर, जेव्हा माणूस बरा झालो म्हणून कामाला लागलेला असतो. पन्नाशीच्या आतल्या माणसाला चेहऱ्याची नागीण झाली तर समजावून सांगून आयसीटीसीत (सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) एचआयव्हीची तपासणी, ती मोफत होते. पन्नाशीपुढच्यांसाठी नागिणीची लस आता देशात मिळते, २ डोस, २ ते ६ महिन्यांच्या अंतरानं. फुकट नाही आणि स्वस्त तर नाहीच.

दुसरं, चिकनगुनिया. आमच्या मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेल्या बार्शीत १९७३ मध्ये त्याची मोठी साथ आली होती. नंतर तो बराच काळ गप्प होता, २००५-०६ मध्ये देशभर उसळला आणि तेव्हा डोळ्यांचे डॉक्टर जागे झाले. ताप उतरून काही आठवडे गेल्यावर, सांधे अजून धरलेले असताना, एक किंवा दोन्ही डोळे लाल. बारीक, रंगाचे कण असलेले केपी आणि प्रेशर चढलेलं, अगदी हर्पिससारखं. फरक कळतो तो एका प्रश्नानं: "दोन-तीन महिन्यांत सांधेदुखीचा ताप येऊन गेला का, घरात आणखी कुणाला आला का?" रक्तातली आयजीएम (ताज्या संसर्गाच्या अँटिबॉडीची) तपासणी आधार देते. इथं असायक्लोव्हिर काही करत नाही. स्टेरॉइडचे थेंब आणि प्रेशरचं औषध यावर बहुतेक डोळे शांत होतात. आपल्याकडं आठ-दहा दिवसांनी नळ येतो, म्हणून रांजण, बॅरल, हौद भरून ठेवलेले. एडिस डासाची पैदास त्याच पाण्यात. कोरडा दिवस पाळताना भांडं नुसतं रिकामं करून भागत नाही, आतली कड घासायची, अंडी तिथं चिकटलेली असतात.

पूर्णाकाठ
रक्तातून विषाणू गेल्यावरही डोळ्यात राहतो, हे कसं काय?

बालाघाट
डोळ्याच्या आतल्या भागात शरीराची रोगप्रतिकारशक्ती मुद्दाम हात राखून वागते. मोकळेपणानं लढली तर नजरच जाईल. विषाणूला ती आडोशाची जागा मिळते. इबोलातून बऱ्या झालेल्या एका अमेरिकन डॉक्टरच्या रक्तातून विषाणू नाहीसा होऊन ९ आठवडे झाले होते, तरी डोळ्यातल्या पाण्यात तो जिवंत सापडला. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

सिंदफणा
एक अडचण राहिली. बीड, पाटोदा, आष्टी, केज भागातले पेशंट दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात ते थेट मार्च-एप्रिलला परत. थेंब उतरवायचं वेळापत्रक सहा महिन्यांचं आणि पेशंट कारखान्यावर. काय करावं?

दुधना
निघायच्या आधीच सगळं कागदावर. महिनावार, मोठ्या अक्षरात, "दिवाळी ते संक्रांत दोन वेळा, संक्रांत ते शिवरात्र एक वेळा" अशा भाषेत. तारखा लक्षात राहत नाहीत, सण राहतात. वाचता येत नसेल तर बाटलीवर तेवढे ठिपके काढा. कारखान्याजवळच्या ग्रामीण रुग्णालयाच्या नावे चिठ्ठी द्या, "दर महिन्याला प्रेशर मोजा, २४ च्या वर गेल्यास टिमोलॉल वाढवा, स्टेरॉइड एकदम बंद करू नका". बाटली फोडली की महिनाभरात टाकायची, तेव्हा महिन्याला एक या हिशेबानं बंद बाटल्या द्या. कोपीत (ऊसतोड कामगारांच्या झोपडीत) ऊन लागतं, ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवायला सांगा. पाचट बारीक कापतं आणि डोळ्यात जातं. या लोकांत लाल डोळा म्हणजे बुरशीचा व्रणही असू शकतो, त्यात स्टेरॉइड पडलं तर डोळा आठवड्यात जातो. म्हणून चिठ्ठीत हेही: "नवीन काही टोचलं तर सगळे थेंब बंद करून त्याच दिवशी दाखवा".

मांजराकाठ
यात पाण्याचं जोडा. असायक्लोव्हिर लघवीतून बाहेर पडतं आणि पाणी कमी पडलं तर किडनीत त्याचे खडे बनतात. उन्हात दिवसभर राबणाऱ्या माणसाला ८०० च्या ५ गोळ्या देताना लघवी पांढरट-फिकी राहील इतकं पाणी प्यायला बजावा. साठीच्या पुढं क्रिएटिनिन बघूनच डोस ठरवायचा. गोळ्या चालू असताना म्हातारा माणूस बरळायला लागला तर भूतबाधा नाही, औषध साठलंय.

मन्याड
पुढं पाठवताना चिठ्ठीत काय असावं, तेवढं लिहून ठेवतो. कोणता डोळा, कितवी खेप, दोन्ही डोळ्यांची नजर. औषधाआधीचं प्रेशर, कोणत्या यंत्रानं मोजलं, किती वाजता. संवेदना. फ्लोरेसिनला डाग आहे की नाही. पेशींचा आकडा. बाहुली फुलवण्याआधी आयरिस कशी होती, शक्य तर मोबाइल स्लिट लॅम्पच्या आयपीसला लावून फोटो. आधी चाललेल्या सगळ्या थेंबांच्या बाटल्या, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून सोबत. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात असो की अंबाजोगाईला, समोरच्याचा निम्मा वेळ "कोणता ड्रॉप होता?" "पांढऱ्या टोपणाचा" यातच जातो.